बर्फातला दात

कागदाचा बर्फ झाडण्याची एक पद्धत असते, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं. रुंद ब्रशने सगळा बर्फ रंगमंचाच्या मागच्या भिंतीकडे लोटायचा. ओढायचा नाही, लोटायचा. ओढला की तो उडतो आणि आपल्याच केसांत जाऊन बसतो. ढीग झाला की एकीने काठीला बांधलेलं लोहचुंबक त्यातून फिरवायचं, कारण मुलींच्या अंबाड्यांतून निसटलेल्या पिना त्यात असतात, आणि हाच बर्फ उद्या परत वरून पडायचा असतो, वर बघून हसणाऱ्या मुलींच्या डोळ्यांवर. मग चाळण. आमच्याकडे जाळीची चौकट होती, बांधकामावर वाळू चाळतात तसली, फक्त लहान. बर्फ खाली, कचरा वर. टिकल्या, पिसं, तुटलेली रबरं, एक च्युइंगगम (कुणाचं ते कळलं असतं तर बरं झालं असतं), आणि शनिवारच्या दुसऱ्या खेळानंतर, एक दात.

लेकीच्या बॅलेच्या शाळेचा 'नटक्रॅकर' (अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला उंदरांशी लढतो, तो नाताळचा बॅले) म्हणजे गावातल्या हायस्कूलचं सभागृह भाड्याने घेऊन शुक्रवार ते रविवार केलेले चार खेळ. डिसेंबरात हे होत नाही असं गाव न्यू जर्सीत शोधावं लागेल. आईबापांनी प्रत्येकी दहा तास राबायचं असा नियम आहे. चतुर बायका सप्टेंबरातच तिकिटांचं आणि फुलांचं टेबल अडवून ठेवतात. मी उशिरा जागी झाले, म्हणून माझ्या वाट्याला बर्फ आला. दात माझ्याबरोबरच्या बाईंना आधी दिसला. त्यांनी तो हातमोज्याच्या चिमटीत धरून दिव्याकडे नेला, तोंड वाकडं केलं आणि कचऱ्याची पिशवी माझ्यापुढे धरली. टाकायला काहीच हरकत नव्हती. दुधाचा दात, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मुळाशी तपकिरी ठिपका. पण मी तो टिश्यूत गुंडाळून जीन्सच्या खिशात टाकला आणि उरलेला बर्फ चाळत राहिले.

कुणाचा ते शोधणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बर्फाच्या आधीचा प्रवेश लढाईचा. एकीकडून उंदीर, दुसरीकडून पत्र्याचे शिपाई, मध्ये लाकडी तलवारी आणि धूर. दात सांडायला याहून चांगली जागा नाही. आमच्याकडे उंदीर अकरा, सहा ते नऊ वर्षांचे. करड्या शेपट्या मांडीवर घेऊन सगळे कॉरिडॉरमध्ये सफरचंदाच्या फोडी खात बसले होते. मी विचारलं, अकरा तोंडं उघडली, आणि अकराच्या अकरा तोंडांत खिंडी. कुणी म्हणे माझा थँक्सगिव्हिंगला पडला, कुणी म्हणे आजोबांच्या गाडीत. एका शिपायाने हात वर केला, पण त्याचे सगळे दात शाबूत होते. उशीखाली दात ठेवला की परी पैसे ठेवते, एवढाच त्याचा हिशेब. माझी लेक, म्हणजे उंदीर क्रमांक चार, मान खाली घालून म्हणाली, "आई, प्लीज. सगळ्यांना विचारत फिरू नकोस." रात्री घरी आले तेव्हा दात खिशातच होता.

तो फेकवेना, आणि त्यात परीचा काही संबंध नव्हता.

आमच्याकडे दाताचा व्यवहार परीशी नसायचा, उंदराशी असायचा. दापोलीजवळ आजीचं कौलारू घर. मे महिन्यात कुणा ना कुणाचा दात हलायला लागलेला असायचाच. तो पडला की आजी मागच्या अंगणात नेऊन उभं करायची. दात कौलांवर भिरकावायचा आणि म्हणायचं, "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात तुला घे, तुझा दात मला दे." उंदराचे दात बारीक, धारदार आणि जन्मभर वाढत राहणारे, तेव्हा सौदा वाईट नव्हता. मला मात्र रात्री आढ्यावर खुडबुड झाली की वाटायचं, वर दातांची मोजदाद चालली आहे. एकदा माझा दात कौलांवरून टकटक घरंगळत परत पायाशी येऊन पडला. आजीने तो उचलून बघितला आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "नापसंत केलान." दुसऱ्या दिवशी परत टाकायला लावला. आता हा कागदी बर्फातला दात बहुधा एका उंदराचाच होता. उंदराचं काम करणाऱ्या पोरीचा दात उंदराला द्यायचा, म्हणजे व्यवहार नेमका कसा लागतो, याचा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

आईला व्हिडिओ कॉलवर लेकीचा उंदराचा पोशाख दाखवला होता तेव्हा तिने आधी कौतुक केलं आणि मग विचारलं, "पण लढाईत हरतात का उंदीर?" हरतात म्हटल्यावर म्हणाली, "गणपतीच्या वाहनाला मारतात, आणि त्याला नाताळचा सण म्हणतात?" मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर मूळ गोष्टीत उंदरांची बाजू अगदीच लंगडी नाही. ई. टी. ए. हॉफमनने १८१६ साली लिहिलेल्या जर्मन कथेत, कथेच्या पोटात आणखी एक कथा आहे. राजाच्या सॉसेजसाठी काढून ठेवलेली चरबी उंदरांची राणी आणि तिचं गणगोत खाऊन टाकतं. सॉसेज कोरडी झाली म्हणून राजा ढसाढसा रडतो आणि दरबारच्या घड्याळजीला सापळे करायला सांगतो. त्या सापळ्यांत राणीचे सात मुलगे मरतात. पुढे तिला जो मुलगा होतो त्याला सात डोकी असतात. तो उंदरांचा राजा. एकेका मेलेल्या भावाचं एकेक डोकं घेऊन जन्मल्यासारखा. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे त्याचं," आणि विषय संपला. बॅलेत यातलं काहीच नाही. बॅलेत उंदीर येतात, मारामारी करतात, राजाला मुलीने फेकलेली सपाता लागते, आणि आमच्या शाळेत सहाव्या मिनिटाला अकराही उंदीर सफरचंद खायला बाहेर.

हा हॉफमन दिवसा बर्लिनच्या न्यायालयात न्यायाधीश होता, आणि बाकीच्या वेळात भुतंखेतं, चालती बाहुली, वेडे संगीतकार अशा गोष्टी लिहायचा. नटक्रॅकरची गोष्ट त्याने हिट्झिग नावाच्या मित्राच्या मुलांसाठी रचली. त्या मुलांची नावं मारी आणि फ्रिट्झ, गोष्टीतल्या भावंडांचीही तीच. बॅलेतल्या मुलीचं क्लारा हे नाव आपल्याला आज माहीत आहे, पण मूळ गोष्टीत क्लारा ही मारीची बाहुली. मी ही गोष्ट लेकीला झोपताना वाचून दाखवायला घेतली आणि तिसऱ्या रात्री गुपचूप बंद केली. मुलांच्या पाहुण्याच्या, त्या ड्रोसेलमायरच्या, उजव्या डोळ्याच्या जागी काळी पट्टी, आणि डोक्यावर काचेचा टोप. काचेचा! मारी काचेच्या कपाटावर आदळते आणि तिच्या हाताला कापतं, रक्त येतं. ती सांगते ते घरात कुणी खरं मानत नाही. आणि पहिल्याच काही पानांत, फ्रिट्झ मुद्दाम मोठमोठे कठीण अक्रोड त्या लाकडी बाहुल्याच्या तोंडात घालतो आणि त्याचे दात पडतात. तीन. मारी ते दात गोळा करते आणि आपल्या कपड्याची फीत काढून त्याचा जबडा बांधते. बॅलेत पुढे जो एवढा पसारा आहे, बर्फ, मिठाईचं राज्य, फुलांचा वॉल्ट्झ, त्या सगळ्याच्या मुळाशी पडलेले दात गोळा करणारी एक मुलगी आहे, हे मला बर्फ चाळून आल्यावर परत वाचताना दिसलं. आधी दिसलं नव्हतं.

'नटक्रॅकर'ला मराठीत काय म्हणायचं, हे लेकीने एकदा विचारलं होतं. मी 'अडकित्ता' म्हटलं आणि ते इतकं विचित्र वाटलं की दोघी हसलो. लढाईत उतरलेला अडकित्ता! आजीचा अडकित्ता पितळी होता, पात्याला लोखंड, दोन्ही मुठींना पोपटाच्या चोची. दुपारी जेवणं झाली की पानाचं तबक पुढ्यात ओढून ती भिंतीला टेकायची आणि मग घरभर एकच आवाज: कट्, कट्, कट्. त्या आवाजावर आम्ही झोपायचो. पुढे पुण्यात कॉलेजला असताना शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात गेले तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटापुढे मी किती तरी वेळ उभी होते. माणसं, पक्षी, घोडे, सगळ्यांचे अडकित्ते केलेले. जर्मनीतल्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगरात खाणी आटल्यावर खाणकामगार लाकडी खेळणी करायला लागले आणि जबडा हलवणारे राजे नि शिपाई कोरून त्यांनी जगभर विकले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण फोडण्याच्या, कातरण्याच्या हत्याराला माणसाचं तोंड द्यावंसं वाटणं, हे दोन्हीकडे कसं सुचलं असेल? केळकर संग्रहालयाला 'राजा' हे नाव दिनकर केळकरांच्या मुलाचं. तो सात वर्षांचा असताना गेला. बापाने आयुष्यभर दिवे, वाद्यं, बाहुल्या, अडकित्ते गोळा केले. सात वर्षांचा म्हणजे दात पडायच्या वयातला. हे माझ्या डोक्यात कॉलेजच्या वयात आलं नव्हतं.

गोष्ट बॅलेपर्यंत आली ती थेट हॉफमनकडून नाही. १८४४ मध्ये अलेक्झांडर ड्युमाने ती फ्रेंचमध्ये सांगितली, कडा घासून, साखर वाढवून. तिथून सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यगृहांचा संचालक व्सेव्होलोझ्स्की याने ती उचलली. 'स्लीपिंग ब्युटी'ने नुकतंच नाव कमावलं होतं, तेव्हा तीच जोडी परत बसवायची: संगीत चायकोव्हस्कीचं, नृत्य मारियुस पेतिपाचं. पेतिपा चायकोव्हस्कीला अशा सूचना लिहून द्यायचा की वाचताना शिंपी आठवावा. इथे इतक्या मात्रा, इथे झाड उजळतं तेव्हा लखलखतं संगीत, इथे मुलं धावत येतात, परत इतक्या मात्रा. चायकोव्हस्कीचं मन लागत नव्हतं. पहिल्या अंकात घरगुती नाताळची पार्टी, दुसऱ्यात मिठाई. गोष्ट कुठे आहे यात, असं त्याला वाटत असणार. एप्रिल १८९१ मध्ये फ्रान्समध्ये, रुआँला बसून तो यावर झगडत होता, आणि पुढे अमेरिकेला जायचं होतं, न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या उद्घाटनाला. शेवटी त्याने व्सेव्होलोझ्स्कीला पत्र लिहून मुदत वाढवून मागितली.

त्याच दिवसांत तिकडे त्याची बहीण साशा वारली होती.

त्याच्या धाकट्या भावाला, मोडेस्टला, पॅरिसमध्ये तार आली होती. तो रुआँला जाऊन भेटलाही, पण बोलला नाही. एवढा मोठा प्रवास, बोटीवर एकटा, आत्ता कशाला सांगायचं. परत आला की सांगू. चायकोव्हस्की पॅरिसला आला, एका वाचनालयात शिरला, रशियन वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात बहिणीच्या मृत्यूची बातमी वाचली. प्रवास रद्द करावा असं त्याच्या मनात आलं, पण आगाऊ घेतलेले पैसे खर्च होऊन गेले होते. काही दिवसांनी तो ल आव्र बंदरात बोटीवर चढला. त्या वसंतात तो मधून मधून ज्या संगीतावर काम करत होता, ते मुलांच्या नाताळचं होतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते लेकीच्या तालमीच्या वेळी, बाहेर गाडीत बसून, काचा धुकटलेल्या असताना. वाचून फोन खाली ठेवला. आजी गेली तेव्हा मी इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, परीक्षा आठवड्यावर होती. घरच्यांनी चार दिवस मला सांगितलं नाही. रोज फोन व्हायचा. आई म्हणायची, आजी झोपली आहे, आजी देवळात गेली आहे. पाचव्या दिवशी एका लांबच्या मावसभावाने मेसेज टाकला, 'फार वाईट वाटलं, शांत माणूस होती.' आजी आणि शांत! मी आधी त्या चुकीच्या शब्दावर चिडले आणि मग कळलं काय झालं ते. घरच्यांचा राग कितीतरी वर्षं गेला नाही. आता गेला आहे का, तेही सांगता येत नाही. 'तिकडे एकटी आहे, आत्ता नको सांगूया,' हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल. मोडेस्टच्या जागी बसून बघते तेव्हा त्याचं चुकलं असं वाटत नाही, आणि वाचनालयात वर्तमानपत्र उघडून उभ्या राहिलेल्या माणसाच्या जागी बसलं की त्याला कधी माफ करू नये असं वाटतं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे मिठाईच्या राज्यातली शुगरप्लम परी आणि तिच्या साथीदाराचं द्वंद्वनृत्य आहे. त्याची सुरावट म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत उतरत येणारी एक सप्तक, बस. सा नी ध प म ग रे सा. हार्मोनियमच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ती. कुणीतरी पैज लावली की सप्तकाच्या सुरांची चाल क्रम न बदलता करून दाखव, आणि चायकोव्हस्कीने ती करून दाखवली, अशी एक दंतकथा आहे. काहींना त्यात रशियन चर्चमधल्या अंत्यविधीच्या मंत्राची लय ऐकू येते, आणि ते साशाचं नाव घेतात. पुरावा नाही. मला त्यात मंत्र ऐकू येत नाही. मला ऐकू येतं ते एवढंच की खाली उतरणारी ती ओळ परत वर जायला बघते आणि परत तशीच खाली येते, आणि दर वेळी मागची वाद्यं वाढत जातात, जणू घरातला एकेक जण उठून येऊन उभा राहतो आहे. मिठाईच्या राज्यात एवढं रडण्याजोगं काय आहे? आमच्या खेळाला वाद्यवृंद नाही, साउंडची केबल खरखरते, आणि तरीही पुढच्या रांगेतली कुणाची तरी आजी दर खेळाला नेमकी इथे पर्समधून रुमाल काढते. चायकोव्हस्की वर्षानुवर्षं सुटीत साशाच्या कामेन्काच्या घरी राहायचा. तिथे भाचरांना घेऊन त्याने एक छोटा बॅलेही बसवला होता, हंसांच्या तळ्याचा. ते गाजलेलं 'स्वान लेक' त्यानंतर काही वर्षांनी आलं. म्हणजे मुलांचा गोंधळ, पोशाखांची ओढाताण, विंगेत ढकलाढकल, हे सगळं त्याने बहिणीच्या घरी भोगलेलं होतं. म्हणूनच पार्टीच्या प्रवेशातली मुलं इतकी खरी वाटतात.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने एक नवं वाद्य पाहिलं, सेलेस्टा. दिसायला छोटा पियानो, आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या. त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की हे मागव, पण कुणाला दाखवू नको. रिम्स्की-कोर्साकोव्हला आणि ग्लाझुनोव्हला वास लागला तर ते माझ्या आधी वापरतील. गणपतीच्या देखाव्यावर चादर टाकून ठेवणारं मंडळ आठवलं मला. पेतिपाने शुगरप्लम परीच्या नाचासाठी कारंज्यातून पडणाऱ्या थेंबांसारखं संगीत मागितलं होतं. ते थेंब सेलेस्टातून आले. आज मॉलमध्ये, जाहिरातीत, फोन होल्डवर असताना तो आवाज इतक्या वेळा कानावर पडतो की एकेकाळी ते गुपित होतं हे खरं वाटत नाही.

आणि मग १८ डिसेंबर १८९२ ला मारिन्स्की नाट्यगृहात पहिला खेळ झाला. एकाच संध्याकाळी आधी 'इओलांता' हा ऑपेरा, मग हा बॅले. पेतिपा मध्येच आजारी पडल्यामुळे नृत्य त्याच्या हाताखालच्या लेव्ह इव्हानोव्हने बसवलं होतं. त्यातला बर्फाचा नाच लोकांना आवडला, साठेक मुली, वर्तुळं, चांदण्या, हातात हलणारे पांढरे गोंडे. संगीताची निवडक सुरावट त्याआधीच मार्चमध्ये मैफलीत वाजून वाहवा मिळवून बसली होती. पण बॅले म्हणून टीकाकारांनी नाक मुरडलं. पहिल्या अंकात सगळी पोरंच, खरी नर्तिका बघायला दुसऱ्या अंकापर्यंत थांबायचं, मग हा बॅले कसला? अकरा महिन्यांनी चायकोव्हस्की गेला. इव्हानोव्हचं नाव आजही बऱ्याच पत्रिकांवर पेतिपाच्या खाली बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. मी ज्याचा बर्फ झाडते तो माणूस हा. त्याबद्दल मला उगाचच आपुलकी आहे.

पोरं फार, ही तक्रार मला सगळ्यात आवडते. कारण पुढे तो बॅले जगला तो पोरांच्या जिवावर. १९४४ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी विलम क्रिस्टेन्सनने सॅन फ्रान्सिस्कोत तो अमेरिकेत पहिल्यांदा पूर्ण केला, महायुद्ध चालू असताना, कापड मोजून मिळत असताना, जुन्या नाट्यगृहाच्या मखमली पडद्याचे पोशाख बेतून. मग १९५४ मध्ये जॉर्ज बॅलन्शीनने न्यू यॉर्कला. तो लहानपणी मारिन्स्कीत याच बॅलेत नाचलेला. त्याने पुन्हा मुलं घेतली, भरपूर घेतली. पैशांपैकी बराच वाटा त्याने वाढणाऱ्या झाडावर घालवला; झाडाशिवाय करा असं म्हणणाऱ्यांना त्याचं म्हणणं एकच, की बॅले म्हणजेच ते झाड. लिंकन सेंटरला ते झाड बारा फुटांपासून एक्केचाळीस फुटांपर्यंत वाढतं. आमचं झाड प्लायवुडचं, दोरीने वर खेचायचं, आणि शुक्रवारी ते निम्म्यात अडकलं. एका मुलाला काम दिलं की आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, शेजारी, एवढी तिकिटं खपतात. हे गणित प्रत्येक गावच्या बॅले-शाळेला पाठ आहे, आणि मोठमोठ्या कंपन्यांचंही वर्षाचं पोट बऱ्यापैकी या एका महिन्यावर भरतं. आमच्याकडे बालनाट्याच्या दौऱ्यात जे चालतं तेच. याला कुणी धंदा म्हणो. मी दहा तास राबले, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे, आणि मी काही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते, ती लिहून टाकते. दुसऱ्या अंकात चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्तान, चहा म्हणजे चीन. चहाच्या नाचात बोटं वर करून डुलणाऱ्या मुली इथे बऱ्याच ठिकाणी आता काढून टाकल्यात, ते बरं झालं. पण कॉफीच्या नाचाची मुलं निवडताना एका बाईंनी माझ्या लेकीकडे बघून "ही किती शोभेल" म्हटलं, अगदी प्रेमाने. लेकीने सांगितलं की तिला उंदीरच व्हायचंय. मी तिला गाडीत सांगितलं की त्या 'अरबी' नाचाची चाल मुळात जॉर्जियातली अंगाई आहे. अरबस्तानाचा तिच्याशी काही संबंध नाही, आणि दापोलीचा तर त्याहून नाही. तिने विचारलं, "मग तुझी आजी कुठली अंगाई म्हणायची?" मला एकदम काही आठवेना. आठवला तो कट्, कट्, कट्.

रविवारी संध्याकाळचा शेवटचा खेळ संपला. बर्फाच्या नाचाच्या वेळी मी विंगेत उभी होते. वर लांबलचक कापडी झोळी टांगलेली असते, तिला भोकं; दोरी ओढली की झोळी हलते आणि बर्फ पडतो. दोरी ओढायचं काम एका दहावीतल्या मुलाकडे होतं आणि तो अगदी तान्ह्या मुलाला झोके द्यावे तसा संथ ओढत होता. याच संगीतात मुलांचे आवाज येतात, शब्द नसलेले, नुसता आ-कार. खेळांच्या गडबडीत तो मी आधी नीट ऐकलाच नव्हता. मग पडदा, फुलं, फोटो, रडारड (उंदरांची), आणि मग आम्ही पाच-सहा जणी उरलो आवरायला. बर्फ शेवटचा चाळला, दोन मोठ्या पिशव्यांत भरला, वर 'पुढचं वर्ष' लिहिलं. पोशाखांची खोकी भरताना उंदराच्या राजाचं डोकं माझ्या हातात आलं. इथे त्याला एकच डोकं आहे, सात परवडत नाहीत. कागदाच्या लगद्याचं, सोनेरी मुकुट थोडा सोललेला, आत घामट स्पंज.

टिश्यूतला दात काढून मी स्पंजाच्या फटीतून आत सोडला. उंदीरमामा, माझा दात तुला घे. माझा नव्हता, पण म्हणायचं तेच. आत कुठेतरी टक् असा आवाज झाला. थोडा वेळ थांबून बघितलं. घरंगळून परत आला नाही. मग खोक्यावर टेप लावली.